टपालानं आलेला आवाज

४ जानेवारी

मामा,

नमस्कार, तुमची तब्येत, मामीचे गुडघे हे सगळं विचारलं असं समजा, कारण मला थेट रडगाण्यावर यायचं आहे.

तुमची भाची अध्यक्ष झाली. आमच्या विणकर सहकारी संस्थेची. हसू नका. दोन गट होते, दोघांनाही एकमेकांचा माणूस नको होता. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की नमुन्याच्या खोलीत चौकटीच्या कागदावर ब्लँकेटची नक्षी काढणारी एक बाई अकरा वर्षांत कुणाशी भांडलेली नाही. भांडली नाही, कारण तिचं बोलणं कुणाला ऐकूच जात नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. ते परवा पहिल्या सभेत आलं.

मी म्हणाले, "सभेला सुरुवात करू या." पुढच्या दोन रांगा तेवढ्या चटकन सरळ बसल्या, मागे सगळ्यांच्या गप्पा चालूच. पुन्हा म्हणाले. मागून एकानं मोठ्ठी जांभई दिली. शेवटी सेक्रेटरी उठले आणि "चला, बसून घ्या!" असे गरजले की खिडकीच्या काचा हलल्या. लोक त्यांना मागे भोंगा म्हणतात. पुढची सभा त्यांनीच चालवली. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, तो त्यांनी पिऊन टाकला.

एरवी मी हे सोसलं असतं. पण पंधरा मार्चला खास सभा आहे. जुनी शेड चालू ठेवायची की बंद करायची ते त्या दिवशी ठरणार. जुन्या शेडमध्ये सव्वीस विणकर आहेत, सगळे पन्नाशीपुढचे, आणि माग त्यांच्याहून म्हातारे, कानठळ्या बसवणारे. सेक्रेटरींना त्या जागी गोदाम हवं आहे. शेड गेली की ती माणसं घरी बसणार, नव्या मागांवर त्यांना कुणी घेणार नाही. मी हिशेब करून पाहिलाय. सभासद एकसष्ट. जुन्या शेडचे सव्वीस आणि रंगखात्यातले पाच-सात मिळाले की शेड वाचते. फक्त सभा सरळ चालली पाहिजे, आणि ती मीच चालवली पाहिजे.

तुम्ही एकतीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. तुमचा आवाज आला की माणसं सामान उचलून पळत सुटायची, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. मला आवाज शिकवा. फोन करा म्हणत नाही, तुम्हाला फोनचा राग आहे.

तुमची,
कुजबुज


११ जानेवारी

अध्यक्षपदी विराजमान चि. कुजबुज हिला मामाचा आशीर्वाद.

फोनचा मला राग नाही. फोनवर समोरचा मध्येच बोलतो, एवढीच माझी तक्रार आहे.

आपल्या घराण्यात खुर्ची मिळालेलं माणूस तू पहिलंच. मला स्टूल होतं. त्यामुळे तुझी जबाबदारी मी अंगावर घेत आहे. आता नीट वाच.

आवाज गळ्यातून काढायचा नसतो, पोटातून काढायचा असतो. रोज सकाळी जमिनीवर उताणी पड आणि पोटावर एक जाड पुस्तक ठेव. श्वास घेतलास की पुस्तक वर गेलं पाहिजे. छाती हलली तर तो श्वास नव्हे, उसासा. मग उभी राहा, पाय थोडे फाकवून, खांदे सैल सोडून, आणि तोंड मिटून खालच्या पट्टीत हुंकार भर. नाकाच्या हाडाशी गुदगुल्या झाल्या तर समज, आवाज जागेवर आला. घाबरलेला माणूस वरच्या पट्टीत जातो. घाबरायचं असेल तर खालच्या पट्टीत घाबर, कुणाला कळत नाही.

दुसरं. बोलण्याआधी मनात तीन आकडे मोजायचे. आधी शांतता पाठवायची, मग शब्द.

तिसरं माझ्या आयुष्याचं सार आहे. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. शब्द न् शब्द तोच, सूर तोच. पहिल्या वेळी लोकांना कळतं की कुणीतरी बोलतंय, दुसऱ्या वेळी कळतं की काय बोलतंय. एकतीस वर्षांत माझ्या घोषणेवर एकानंही उलट प्रश्न केला नाही, तो उगीच नव्हे.

सराव कर आणि कळव.

तुझा मामा

पुरवणी: पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. उलट प्रश्न कुणी केला नाही, कारण हे काचेच्या खोलीत आतून कडी लावून बसायचे. लोक काचेवर टकटक करायचे, हे पडदा ओढून घ्यायचे. पोटावर पुस्तक ठेवून रोज दुपारी झोपतात, एवढं मात्र खरं आहे. बाकी तुझं तू बघ. — मामी


२ फेब्रुवारी

मामा,

चमत्कार झाला आहे. आधी त्याची किंमत सांगते.

घरी सराव केला तर वरच्या मजल्यावरून विचारणा होते, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत लोकरीच्या गोदामात जाते. तिथले गठ्ठे सगळा आवाज गिळतात. चौथ्या दिवशी मी पोटावर नमुन्यांचं बाड ठेवून उताणी पडले होते आणि हुंकार भरत होते, तेवढ्यात गोदामवाला आला आणि त्यानं माझ्या तोंडावर पाणी मारलं. आता सगळ्या कारखान्यात मला फिट येतात अशी बातमी आहे. लोक माझ्याशी फार गोड बोलतात.

आता चमत्कार. गेल्या आठवड्यातल्या सभेत मी उभी राहिले आणि मोजायला लागले. दोनवर भोंग्यानं तोंड उघडलं, पण तीनवर मी त्याला गाठलं. "सभा सुरू होत आहे." पोटातून! मागच्या गप्पा बंद. मग पुन्हा, "सभा सुरू होत आहे." सेक्रेटरी बसले, मामा. आपलं आपण बसले.

दोनदा सांगण्यानं एक घोटाळा झाला. ठराव लिहिणाऱ्या कारकुनानं प्रत्येक ठराव दोनदा लिहून काढला. त्यामुळे रंगखात्यात एक पंखा बसायचा तिथं दोन बसले. रंगखातं माझ्यावर जाम खूश आहे, म्हणून मी चूक दुरुस्त केलेली नाही. पंधरा मार्चला उपयोगी पडेल.

पण खरी गंमत पुढच्या दोन रांगांत. तिथं जुन्या शेडची माणसं बसतात. मी बोलत असताना त्यांनी माझ्यावरून नजर काढली नाही. माझी पापणी लवायची, त्यांची नाही. त्यांच्यात तीन नंबरच्या मागावरची एक बाई आहे, तिला सगळे तीन नंबर मावशीच म्हणतात, कारण त्या शेडमध्ये मागाचा नंबर तोच माणसाचा. ती तर माझ्याबरोबर स्वतःचे ओठ हलवत होती! नव्या शेडची मंडळी मागे बसून छताकडे बघत होती, पण या सव्वीसजणांना मी जिंकलंय. माझ्या शब्दाला माणसं अशी लागलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

पुढचा धडा पाठवा.

कुजबुज (हे नाव आता बदलावं का?)


९ फेब्रुवारी

चि. अध्यक्षीणबाई,

तुझं पत्र मी मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

त्या सव्वीसजणांच्या नजरेला दरारा म्हणतात. तो शिकवून येत नाही, पण माझ्या शिकवण्यानं आला हे नोंदवून ठेवतो. खास सभेसाठी आता शेवटचे बारकावे देतो.

माईक माग. माईकशिवाय बोलणं म्हणजे पोस्टाचं तिकीट न लावता पत्र टाकणं. मात्र नवशिके धरतात तसा तो छातीशी धरू नकोस. ओठ टेकतील इतका जवळ धर, म्हणजे आवाजातली हवा निघून जाते आणि नुसतं वजन उरतं. कागद वाचताना मान खाली घातलीस तर गळा दबतो. म्हणून कागदच वर उचल, पार नाकापर्यंत.

आणि बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस. तोंडं बघितली की दया येते, आणि दया आली की सूर हलतो. समोरच्या भिंतीवर घड्याळ असेल, त्याच्याकडे बघून बोल. मी एकतीस वर्षं घड्याळाकडेच बघून बोललो.

शेड वाचलीच म्हणून समज.

तुझा मामा

पुरवणी: तोंडाकडे बघू नये, हा नियम हे घरातही पाळतात. — मामी


१६ मार्च

मामा,

शेड बंद झाली.

काल सभेत सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं. सूचनाफलकावर आठ दिवस कागद होता: पहिला ठराव, शेड चालू ठेवावी, दुसरा ठराव, शेड बंद करावी. सभा सुरू होताच सेक्रेटरी म्हणाले की बंद करण्याचा ठराव आधी दाखल झाला होता, तेव्हा मतही त्यावर आधी घ्यावं. नियमात ते बसतं. मी माईक ओठांना टेकवला, कागद नाकापर्यंत उचलला, घड्याळाकडे बघून तीन मोजले आणि क्रम बदलल्याचं दोनदा सांगितलं. आवाज असा लागला होता की तुमचे डोळे भरून आले असते. मग विचारलं, "शेड बंद करावी, या बाजूनं कोण?" पुढच्या दोन रांगांतले सव्वीस हात एकदम वर गेले.

मागची मंडळी चाट पडली. रंगखात्याचे लोक आपसांत म्हणाले, त्यांचं त्यांनाच नको असेल तर आपण कशाला मध्ये पडायचं, आणि त्यांनीही हात वर केले. मला वाटलं, थकले असतील बिचारे. का म्हणून विचारायला हवं होतं. पण अध्यक्षानं बाजू घ्यायची नसते, आणि माझा सूर इतका छान लागला होता की तो मोडायचं जिवावर आलं. हे मी फक्त तुम्हाला लिहिते आहे. एक्कावन्न मतं पडली. निकाल मी दोनदा जाहीर केला.

सभा संपली आणि तीन नंबर मावशी पुढे आली. माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, "वाचवलंस गं पोरी आम्हाला." तिच्यामागे बाकीचे उभे. सात नंबरचे काका डोळे पुसत होते. मी म्हणाले, "अहो मावशी, शेड बंद झाली." ती माझ्या ओठांकडे बघत होती. हसू थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मग उतरलं.

त्यांना ऐकू येत नाही, मामा. सव्वीसपैकी बावीसजणांना जवळजवळ काहीच नाही. तीस-तीस वर्षं त्या धडधडाटात काढल्यावर कान राहणार कुठून? माग चालू असताना तिथं कुणी आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवून बोलतात आणि बघून समजून घेतात. बाहेरही ते असंच ओठ बघून समजून घेतात. माझ्या खिडकीशी येऊन अकरा वर्षं माझ्याशी नमुन्यांबद्दल बोलतात आणि मला पत्ता नाही. कुणाला सांगत नाहीत, कारण कळलं तर मागावरून काढतील ही भीती. उरलेल्या चौघांना अर्धवट ऐकू येतं, ते शेजाऱ्याचा हात वर गेला की आपला वर करतात.

म्हणजे फेब्रुवारीत तो दरारा नव्हता. ते माझे ओठ वाचत होते. जानेवारीत मी कुजबुजले तेव्हाही फक्त त्यांनाच कळलं होतं, म्हणून ते सरळ बसले. काल माईक आणि कागद यांच्यामागे मी त्यांना दिसलेच नाही. फलकावरचा क्रम धरून त्यांनी पहिल्या ठरावाला हात वर केले. माझ्या कुजबुजण्यानं शेड वाचली असती. तुमच्या माईकनं बुडवली. रागावून लिहिते आहे असं वाटलं तर बरोबर वाटलं.

सेक्रेटरींनी मुद्दाम केलं असेल असंही वाटलं होतं. पण त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. सात वर्षं ते या लोकांवर ओरडतात ते निव्वळ आवड म्हणून.

झालेला ठराव सहा महिने पुन्हा घेता येत नाही, आणि शेड महिन्याभरात रिकामी करायची आहे. एकच वाट आहे. सभा चालवण्यात आपली चूक झाली असं अध्यक्षानं लेखी कबूल केलं तर फेरमत घेता येतं. पण त्या फेरमतानंतर अध्यक्षाला खुर्ची सोडावी लागते.

काय करू ते सांगा. दोनदा नको, एकदाच सांगा.

तुमची भाची


२३ मार्च

कुजबुज,

चार दिवस तुझ्या पत्राला उत्तर म्हणून मी भांडण लिहीत होतो. माईकमध्ये दोष नव्हता, आवाजात दोष नव्हता, श्रोत्यांत दोष होता, असं. सगळं फाडलं.

तुला एक गोष्ट सांगतो. ती मामीलाही सांगितलेली नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका गाडीचा फलाट ऐन वेळी बदलला. मी घोषणा केली, दोनदा, चोख. काचेतून पाहतो तर म्हाताराम्हातारी एका ट्रंकेवर जुन्याच फलाटावर बसून. म्हातारी डबा उघडून त्याला काही भरवत होती. मी तिसऱ्यांदा घोषणा केली. आणखी खालच्या पट्टीत. चौथ्यांदा केली. गाडी पलीकडे आली आणि गेली, आणि ती दोघं माझ्या काचेकडे बघून हात हलवत होती, गाडी कधी येणार म्हणून विचारत होती. कडी काढून वीस पावलं चालावं आणि त्यांना सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पडदा ओढला.

तुला मी हेच शिकवलं, आणि वर शाबासकी घेतली. मला माफ कर.

आता सल्ला. खुर्ची सोडू नकोस असं इथं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडलेलं दिसतंय तुला. दिसू दे.

मामा

(पाकिटाच्या पाठीवर, मामीच्या अक्षरात: या वेळी पाकीट यांनी स्वतःच चिकटवलंय. आत काय आहे माहीत नाही. दोन दिवस घरात एकही घोषणा नाही. लवकर पत्र पाठव.)


३० एप्रिल

मामा,

उशीर झाला, कारण मी शिकायला जात होते. दुसऱ्या गुरूकडे. तुम्ही रागावणार नाही असं तुमच्या पत्रावरून वाटलं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कबुली लिहून दिली. सेक्रेटरींनी ती वाचली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "नक्की ना?" मग रोज अर्धा तास तीन नंबर मावशीच्या मागाशेजारी उभी राहायचे. तिथं माग चालू असताना स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. ती म्हणायची, म्हणजे ओठांनी म्हणायची: तोंड उजेडाकडे ठेव. तोंड फाडून बोलू नकोस, शब्द ओळखू येत नाही. वाक्य संपायच्या आत मान वळवायची नाही. आणि समोरच्याला कळलं की नाही ते त्याच्या तोंडावर बघायचं, नसेल कळलं तर दुसऱ्या शब्दांत सांगायचं, तेच तेच नाही. आवाज किती काढायचा, हे तिनं एकदाही सांगितलं नाही. पोटातून श्वास मात्र घ्यावाच लागतो हो, ते तुमचं बरोबर निघालं.

बारा तारखेला फेरमत झालं. माईक नव्हता. मी टेबल खिडकीसमोर ओढून घेतलं आणि नेहमीच्या आवाजात बोलले. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" तेव्हा मावशी उठली. ती पुढे येऊन सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आम्हाला ऐकू येत नाही. जुन्या शेडमध्ये कुणाला नाही. गेल्या खेपेला आम्ही चुकीला हात वर केला. आता काढायचं तर यासाठी काढा." तिचा आवाज सपाट आणि भलताच चढा होता. स्वतःचा आवाज तिनं किती वर्षांत ऐकला नसेल कोण जाणे. सगळ्या हॉलमध्ये चिडीचूप. मी तीन आकडे मोजलेसुद्धा नव्हते.

पस्तीस मतांनी शेड राहिली. रंगखात्यातले नऊजण आले, पंख्यांना स्मरून. सेक्रेटरी कोपऱ्यात बसून होते. मला म्हणाले, "मग मी सात वर्षं ओरडत होतो तो कुणासाठी?" मला हसू मात्र आलं नाही.

मी खुर्ची सोडली. आपल्या घराण्याची खुर्ची साडेतीन महिने टिकली. पुन्हा तेच दोन गट, पुन्हा कुणालाच कुणी नको, आणि अध्यक्ष झाली तीन नंबर मावशी.

काल तिची पहिली सभा होती. मामा, अशी सभा तुम्ही ऐकली नसेल. तिला एका वेळी एकाच तोंडाकडे बघता येतं, म्हणून एका वेळी एकच माणूस बोलतो. दुसरा मध्येच बोलला तर ती रागावत नाही, तिला ते कळतच नाही. तो बोलतो, बोलतो आणि थांबतो. कुणी तोंडावर हात धरला की ती आपल्या ओठांवर बोट ठेवून थांबते. सेक्रेटरींना तिनं सांगितलं, "तुमचं मला काहीच कळत नाही. मिशी कापा, नाहीतर लिहून द्या." सभा वीस मिनिटं तहकूब झाली. ते हात-तोंड धुवायच्या खोलीत जाऊन आले, आणि खालून कोवळा ओठ असलेला एक अगदी भला माणूस निघाला. सगळं कामकाज पाऊण तासात आटोपलं. भोंगा असताना अडीच तास लागायचे.

शेवटी मी हात वर केला. नव्या नमुन्याबद्दल दोन वाक्यं बोलायची होती. मावशीनं माझ्याकडे मान वळवली, तिच्याबरोबर त्या पंचवीसजणांनी वळवली, आणि त्यांचं बघून मागच्यांनीही. कुणी खोकलं नाही, कुणी छताकडे बघितलं नाही. माझं बोलणं संपेपर्यंत एवढी माणसं वाट बघत थांबलीत असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी काय बोलणार होते ते साफ विसरले आणि मला रडू आलं. मावशीनं तरी नजर काढली नाही. मला आठवेपर्यंत ती तशीच बघत राहिली.

तुमची,
कुजबुज